तिच्या नावाचं पाकीट

वाईट बातमी जितकी उशिरा सांगावी तितकं बरं, ही समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे. आजाऱ्याला त्याचा आजार सांगायचा नाही, म्हाताऱ्यांना मुलांची संकटं कळू द्यायची नाहीत, आणि गर्भारणीला तर कशाचा वाराही लागू द्यायचा नाही. हे सगळं आपण मायेपोटीच करतो, त्यात शंका नाही. पण मंडळी, मायेनं केलेली चूकही चूकच असते, आणि कधी कधी ती भलत्याच्याच जिवावर बेतते.

टपालमामांचंच बघा.

छत्तीस वर्षं टपाल वाटून हा माणूस निवृत्त झाला, त्यालाही नऊ वर्षं झाली. तरी वस्तीत सगळे त्यांना टपालमामाच म्हणत. कामाला चोख. रजिस्टर पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात. "मी त्याचा सख्खा भाऊ आहे, द्या इकडे," असं कुणी म्हटलं की मामा सांगत, "भाऊ असशील बाबा, पण पाकिटावर तुझं नाव नाही." मात्र मरणाची तार आली की त्यांची रीत वेगळी. घरातली माणसं जेवत असतील तर मामा बाहेर पायरीवर बसून राहत. जेवणं उरकली, हात धुऊन झाले, की मग दारात उभे राहत. भरल्या पोटी ऐकलं तर माणूस निदान उभा तरी राहतो, असं त्यांचं म्हणणं. लोकांना या सवयीचं फार कौतुक होतं. मामांनाही होतं, जरा जास्तच.

सुनेला पाचवा महिना लागला तेव्हा सोनोग्राफी झाली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी न्यायचा होता. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. सुनेच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. तेव्हा रिपोर्ट आणायला मामाच गेले. सोनोग्राफी केंद्राच्या वहीत सुनेच्या नावापुढे त्यांनी आपली सही ठोकली आणि पाकीट घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावून बसवलं. "तुम्ही तिचे कोण?"

"सासरा."

"तिला आणायला हवं होतं हो." बाईंनी कागदावर एक आकृती काढली. "बाळाची छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. त्याला भोक राहून गेलंय. त्यातून आतडी वर छातीत सरकलीयत, हृदय उजवीकडे ढकललं गेलंय, आणि फुप्फुसांना वाढायला जागाच नाही. पोटात आहे तोवर बाळाला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून काही जाणवणार नाही. खरा प्रश्न जन्मल्या मिनिटापासून. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं. तिथं नवजात बाळांचे डॉक्टर आधीपासून तयार उभे असतील. यातली बरीच बाळं वाचतात, सगळी नाही. पण तयारी हवी. हे आजच तिच्या हातात द्या."

मामा घरी आले तेव्हा सून पहिल्यांदाच चार घास पोटभर जेवत होती. "काय म्हणाल्या बाई?" तिनं तोंडात घास असतानाच विचारलं. मामांचे हात पाकिटावर होते. जेवू दे हिला, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तोंडानं म्हणाले, "सगळं ठीक आहे पोरी. जेव तू."

रात्री बायकोच्या कानावर घातलं, तर ती घाबरून म्हणाली, "आत्ता नको हो सांगायला. धसका घेईल ती." पाकीट खुंटीवरच्या जुन्या खाकी पिशवीत गेलं. मग कधी सुनेला ताप आला, कधी मुलगा दोनच दिवसांसाठी घरी आला, कधी ती नुसतीच खुशीत होती. दर वेळी मामांनी स्वतःला सांगितलं, आज नको. जी तार त्यांनी उभ्या जन्मात तासाभरापलीकडे कधी रोखली नव्हती, ती चार महिने रोखली. दोन गल्ल्या सोडून असलेल्या प्रसूतिगृहात दर खेपेला कार्डावर लिहिलं जाई, "रिपोर्ट पाहणे". मामा म्हणत, "घरी राहिला, सगळं ठीक आहे." तिथलेही मान डोलावत आणि पुढच्या बाईला हाक मारत.

एका दुपारी सुनेला कळा सुरू झाल्या. मामांनी निघताना पाकीट खिशात घातलं. सुखरूप सुटका झाली, ती जेवली, की देऊ. हा त्यांचा बेत!

बाळ जन्मलं, पण रडण्याचा आवाज आला नाही. बाकावर बसलेल्या मामांना आतली धावपळ ऐकू येत होती. मग दार धाडकन उघडून सिस्टर बाहेर आली. वीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेली ही बाई, पण तिचाही चेहरा उतरला होता.

"पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कुठंय? मुलगी निळी पडलीय, पोट खपाटीला गेलंय, ठोके उजवीकडे ऐकू येतायत! डॉक्टर तिला मास्क लावून हवेचा फुगा दाबतायत, तर आणखीच खालावतीय! सूनबाई म्हणते रिपोर्ट तुमच्याकडे आहे!"

मामांनी खिशातून पाकीट काढलं. सिस्टरनं ते हिसकावून तिथंच फाडलं. फाटकं पाकीट त्यांच्याच हातात ठेवून, कागदातल्या दोन ओळी वाचत ती आत पळाली. "डॉक्टर, फुगा थांबवा! थांबवा! नळीच घाला!"

नळी घातली, रुग्णवाहिका आली, मोठ्या रुग्णालयात पोचायला पाऊण तास गेला. सिस्टर बाळाबरोबर गेली. मामा पाठोपाठ रिक्षानं पोचले. अतिदक्षता विभागाच्या काचेआड यंत्राच्या तालावर मुलीची छाती हलत होती. मूठभर जीव, आणि अंगाला सात नळ्या.

"फुग्यानं काय झालं सिस्टर?" मामांनी विचारलं.

"ती हवा जठरात, आतड्यांत गेली. आणि तिची आतडी तर छातीतच होती. ती फुगली, फुप्फुस आणखी दाबलं गेलं. आधी माहीत असतं तर पहिल्या मिनिटालाच श्वासनळीत नळी घातली असती. खरं तर आमच्याकडे बाळंतपणच केलं नसतं."

"म्हणजे मीच..."

"भोक तुम्ही पाडलं नाहीत मामा. तिच्या आईनंही नाही. आणि चुकलो आम्हीही. चार महिने कार्डावर नुसतं लिहीत बसलो."

"तिला धक्का बसला असता हो."

"बसला असता! आठ दिवस रडली असती. मग डोळे पुसून इथं आली असती, शंभर प्रश्न विचारले असते, राहायची सोय केली असती. त्या टोकाच्या पेटीतलं बाळ बघा. इथल्या नर्सनं आत्ताच सांगितलं, हेच दुखणं. आईला पाचव्या महिन्यातच कळलं, ती इथंच बाळंत झाली. आज ते नळीनं दूध घेतंय. तशीही काही बाळं जातात, खोटं कशाला बोलू? पण त्या बाळाला निदान पुरती संधी मिळाली. तुम्ही सुनेचं रडणं वाचवलं नाहीत मामा. नुसता तिचा वेळ घेतलात."



पाचव्या दिवशी रक्तदाब जरा स्थिरावल्यावर शस्त्रक्रिया झाली. भोक शिवलं गेलं, आतडी खाली आली. पण फुप्फुसं इवलीशीच होती, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांवरचा ताण काही केल्या उतरेना. नवव्या दिवशी सकाळी मुलगी गेली. बापानं तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते तेव्हाच.

घर माणसांनी भरलं. कुणी हळूच म्हणालं, हिनं काही जड उचललं असेल. मामांची बायकोही भीतीनं बोलून गेली, "पायाला भिंगरीच होती हिच्या. ऐकलं कुठं?"

आणि मामा उभे राहिले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस ओरडला, "गप्प बसा सगळे! तिनं काही केलेलं नाही! हे दुखणं कुणाच्या उचलण्यानं होत नाही आणि चालण्यानं होत नाही. मला चार महिन्यांपूर्वी कळलं होतं, आणि मी दडवलं!"

मुलगा बापाकडे बघतच राहिला. मग उठून बाहेर निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो वडिलांशी बोलला नाही.

सुनेनं हात पुढे केला. "मामंजी, ते पाकीट द्या."

मामांनी दोन्ही हातांनी ते तिच्यापुढे धरलं. तिनं फाटलेल्या पाकिटावरचं नाव वाचलं.

"यावर माझं नाव आहे," ती म्हणाली.

मामांची मान खाली गेली.

"चार महिने ती पोटात लाथा मारत होती, आणि मी तिला विचारत होते, नाक कुणाचं घेतलंस गं. ती वाचली असती की नाही, देव जाणे. पण मी तिच्यासाठी धडपडले तरी असते. ती धडपड माझी होती मामंजी. ती तुम्ही मला करू दिली नाहीत."

ती रडली नाही. रडले ते मामाच, लहान पोरासारखे.

मंडळी, पडद्याला भोक राहून जाणं कुणाच्या हातात नसतं. त्यात आईचा दोष नसतो, घराण्याचा नसतो. पण कळलेलं वेळेवर सांगणं आपल्या हातात असतं. तपासणीचा कागद आधी आईचा. तिला सावरायला मदत करा, पण तिच्याआधी तिच्या वतीनं ठरवून टाकू नका. आणि दवाखान्यांनीही "सगळं ठीक आहे" हे शब्द रिपोर्ट म्हणून धरू नयेत.

हल्ली टपालमामा सोनोग्राफी केंद्राच्या बाकावर येऊन बसतात. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसू दिलंय. परवा एक मध्यमवयीन गृहस्थ आतून आले. चेहरा पांढराफटक. इकडेतिकडे बघत त्यांनी पाकिटाची घडी घातली आणि ते सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवलं.

मामा उठून त्यांच्या वाटेत उभे राहिले.

"दादा," त्यांनी विचारलं, "पाकिटावर नाव कुणाचं आहे?"