चारशे अठराचा बिल्ला

"बाबा, खिसे रिकामे कर म्हणते ती गाईड. पुढे खाणीत घसरगुंडी आहे, काहीतरी टोचेल," रुचा म्हणाली.

श्रीपती म्हात्रेने रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, आणि मग त्याच्या हाताला काहीतरी गोल, गार पत्र्याचं लागलं. बाहेर काढून तो बघतच राहिला. ४१८.

"हे काय आणलंस?"

"काय नाय. कामावरचा बिल्ला हाय. र्‍हायला खिशात."

ही पँट त्याने त्या दिवसानंतर घातलीच नव्हती. ऑस्ट्रियाला येताना चांगली म्हणून बॅगेत टाकली आणि बिल्लाही न सांगता बरोबर आला. अंगावर खाणीचा पांढरा झगा चढवून तो लेकीच्या मागे बोगद्यात शिरला, पण बिल्ला काही त्याने ठेवायला दिला नाही, मुठीतच धरला.

हालाइन हे आल्प्समधलं मिठाचं गाव. रुचा तिथून जवळच साल्झबुर्गला नर्स होती. तिकीट तिनेच पाठवलं होतं. श्रीपतीचं सगळं घराणं पेणच्या मिठागरात राबलेलं. मीठ समुद्राचं, उन्हाचं आणि माणसाच्या पायांचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. डोंगराच्या पोटात मीठ असतं हे लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा त्याने तिला वेड्यात काढलं होतं. आता गाईडची पाठ वळल्याबरोबर त्याने भिंतीला जीभ लावली.

"जल्ला! खारट हाय गो!"

"बाबा! लोक बघतायत."

"बघूंदे. तुझ्या आज्यान सगला जल्म चिखलात काढला, आन हितं डोंगराला मीठ!"

तो हसला. त्या महिन्याभरात पहिल्यांदाच हसला असेल. मग गाईड एका भिंतीपाशी थांबली आणि बोलू लागली. रुचा मराठीत सांगत गेली.

"चारशे वर्षांपूर्वी इथे काम करताना खाणकामगारांना मिठात एक माणूस सापडला. दोनेक हजार वर्षांपूर्वीचा. दाढी, कातडी, कपडे, सगळं शाबूत. वरून माती कोसळली असणार. गावाने त्याला चर्चच्या दारात ठेवलं, सगळे बघायला आले. नाव मात्र कोणालाच माहीत नाही."

"बाजूला काय होता?"

"खणायचं हत्यार होतं म्हणे त्याचं."

"म्हंजे कामावर मेला."

"ऑफकोर्स, बाबा. दिसतंच आहे ना ते."

श्रीपती तिथल्या लाकडी ओंडक्यावर मटकन बसला. रुचाने नाडी धरली, पाणी दिलं, पण त्याला झालं होतं ते नाडीत सापडणारं नव्हतं. दोन हजार वर्षं झाली तरी त्या माणसाबद्दल कोणी खोटं बोलू शकलं नव्हतं. आणि श्रीपतीला खोटं लिहायला दोन ओळी आणि पाच मिनिटं पुरली होती.

दोह्याबाहेर वर्ल्ड कपसाठी जो नवा रस्ता होत होता, त्या साइटवर श्रीपती टाइमकीपर होता. कतारमध्ये सतरा वर्षं काढलेली. गेटपाशी खिळ्यांचा मोठा फळा होता. कामगाराने आत येताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, जाताना काढून न्यायचा. संध्याकाळी खिळ्यावर बिल्ला उरला, तर माणूस आत राहिला. या फळ्यावरून श्रीपती हजेरी भरायचा, आणि त्याची हजेरी कधी चुकली नाही याचा त्याला भारी अभिमान.

४१८ म्हणजे शफीक. दरभंग्याकडचा, लोखंड बांधणारा. रोज सकाळी खिडकीशी येऊन म्हणायचा, "चाचा, नमक." पाण्याच्या बाटलीत टाकायला. श्रीपतीच्या ड्रॉवरमध्ये पेणच्या जाड्या मिठाची पिशवी असायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अकराच्या सुमाराला शफीक पाइपाच्या सावलीत बसला, तो उठलाच नाही. गेला तेव्हा त्याचं डोकं श्रीपतीच्याच मांडीवर होतं. दुपारी साइट मॅनेजर अरुणकुमारने दार लावून घेतलं. "श्रीपती, वो रूम में था. सिक था. ऐसा लिखो. काम पे मरा लिखा तो कंपनी फँसेगी. सत्रह साल कंपनी का नमक खाया है ना?" श्रीपतीने लिहिलं, आणि फळ्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकला. दोनदा नाकारलेली त्याची रजा त्याच संध्याकाळी मंजूर झाली.

शफीकच्या बायकोचे, अजराचे, तीन फोन आले होते. दर वेळी तेच. "चाचा, वो काम पे थे या कमरे में? सुबह बस से मुझे फोन किया था उन्होंने. बस इतना बता दीजिए." आणि श्रीपती म्हणाला होता, "रजिस्टर में कमरा लिखा है, बेटी." आपणच लिहिलं ते आपणच वाचून दाखवलं!

घसरगुंडीवर तो बसलाच नाही. पायऱ्यांनी उतरला.

कतारला परत आल्यावर पहिल्याच सकाळी, कामगारांची बस यायच्या आधी, त्याने बिल्ला ४१८च्या खिळ्याला अडकवला. रजिस्टर काढलं, त्या दोन ओळी लाल शाईने खोडल्या आणि वर लिहिलं : हजर. आत आला ५.१०. बाहेर गेला नाही. खाली सही केली. मग फोन लावला.

"अजरा बेटी, वो काम पे था. मेरे सामने गया. मैंने झूठ लिखा था."

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"उस दिन नमक लिया था आपसे?" तिने विचारलं.

"लिया था. रोज जैसा."

"कहते थे, चाचा अपने गाँव का देते हैं." आणि मग ती रडली. इतके दिवस तिला नीट रडताही आलं नव्हतं.

दहा वाजता अरुणकुमारने रजिस्टर पाहिलं. तो ओरडला नाही, घाबरला. "ये मुझे ऊपर भेजना पड़ेगा. तुम्हारा खलास, श्रीपती. मालूम है ना?"

"मालूम है."

"तो क्यों किया?"

"कंपनी का नमक मैंने खाया, साब. उसने मेरा खाया था."

नवा टाइमकीपर उद्या येणार होता, म्हणून त्या दिवसाची पाळी श्रीपतीनेच पुरी केली. संध्याकाळी माणसं रांगेने आली, आपापला बिल्ला काढून बसकडे गेली. फळा रिकामा होत गेला. वॉचमन दिवा घेऊन आला.

"चाचा, ये एक रह गया. उतार दूँ?"

"रहने दो," श्रीपती म्हणाला. "अंदर है वो."

मग त्याने ड्रॉवरमधली मिठाची पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, डबा उचलला आणि बसकडे निघाला.