पहिला सूर काकूंचा

शिवणकाकूंचा आवाज असा खणखणीत, की त्यांनी पहिली ओळ उचलली की गल्लीतल्या खिडक्या भराभर उघडत. बायकोला मारणाऱ्यांच्या दारापुढे उभं राहून गाणाऱ्या बायकांच्या मंडळात पहिला सूर त्यांचाच असे.

त्या सकाळी काकू मशीनवर झग्याला अस्तर लावत होत्या. दारात थोरली लेक येऊन उभी राहिली. ओढणीनं गाल झाकला होता, तरी डोळ्याखालचं काळंनिळं लपत नव्हतं.

"आई, मी आता तिकडे जाणार नाही."

काकूंचा मशीनवरचा पाय थबकला. "अगं, धाकटीचं लग्न जुळत आलंय. तू अशी माघारी आलीस तर लोक काय म्हणतील? भांड्याला भांडं लागायचंच. चार दिवस दमानं घे."

"चार दिवस, चार दिवस करत जन्म जाईल माझा."

काकूंनी तिच्या गालाला मलम लावलं आणि स्वतः सासरच्या दारापर्यंत पोचवून आल्या. नंतर दिवसभर त्यांचे टाके वाकडे जात राहिले.

संध्याकाळी मंडळातली नर्सबाई म्हणाली, "आज लोहाराच्या बोळात. तिथल्या शेवटच्या घरातली सून रोज मार खाते म्हणे."

 ते घर काकूंच्या थोरल्या लेकीचं. पण काकू लेकीच्या सासरचा विषयच काढत नसत, त्यामुळे मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं.

"आज घसा बसलाय गं माझा."

"काकू, तुमच्याशिवाय सूर लागायचा नाही. चला!"

जायचं नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. काकू गेल्या. दारापुढे उभं राहून त्यांनी ओळ उचलली, "सोसू नको गं पोरी, सोसू नको…" बायकांनी ती झेलली.

खाडकन दार उघडलं. लेकीची सासू बाहेर आली आणि काकूंना पाहून हसली.

"विहीणबाई, तुम्ही? अहो, सकाळी तुम्हीच तर हिला परत आणून सोडलंत!"

गाणं तिथंच तुटलं. सगळ्या बायका काकूंकडे पाहू लागल्या.  

सासूच्या मागून लेक पुढे आली. पायरी उतरली.

"चल बाळा, घरी चल," काकू कशाबशा म्हणाल्या.

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नर्सबाई, आजची रात्र तुमच्याकडे राहू का?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीनवरचं झाकण काढलंच नाही. उजाडताच त्या नर्सबाईच्या पायरीवर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं लेकीनं दार उघडलं.

"न्यायला आलीस?"

"नाही. तू तक्रार द्यायला जाशील ना? मी सोबत येते. तुला कुणी परत नेऊन सोडलं, तेही मीच सांगेन तिथं."

"आणि धाकटीचं लग्न?"

"मोडलं तर मोडू दे."

 लेकीनं चपला घातल्या आणि चालू लागली. काकू मागून निघाल्या. तिच्या शेजारून चालायचा धीर त्यांना झाला नाही.