नोंदीत होतं ते

"अहवालात एवढंच लिहा, तो फसवा ईमेल सिस्टरांनी उघडला," रुग्णालयाचे अधीक्षक समोर बसलेल्या बाईंना म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

सिस्टर शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. निवृत्तीला सात महिने उरलेले. तीन दिवस रुग्णालयातले संगणक बंद होते. कुणीतरी बाहेरून शिरून सगळ्या तपासण्यांच्या नोंदींना कुलूप घातलं होतं. त्या गोंधळात एका बाळाला भलत्याच गटाचं रक्त चढवलं जाणार होतं. सिस्टरांना त्याचा गट तोंडपाठ होता, म्हणून ते वाचलं.

बाई संगणक विभागात अकरा वर्षं नोंदी वाचत होत्या. कोण कुठून आत आलं, काय उघडलं, रोज ओळीमागून ओळ. रटाळ काम, पण नजर त्यातच तयार होते. या वेळी तर त्या नजरेची गरजही पडली नाही. चोर अधीक्षकांच्याच खात्यातून शिरला होता. खातं उघडताना मोबाइलवर येणारा कोड त्यांनी "कटकट नको" म्हणून बंद करून घेतला होता. बाईंनी दोनदा लेखी हरकत घेतली होती.

"साहेब, सिस्टरांच्या मशीनवरून काही झालेलं नाही."

"ते मलाही कळतं हो. पण माझं नाव आलं तर संस्थेची अब्रू जाईल. ह्या काय, चालल्याच आहेत घरी."

"लिहा बाई," सिस्टर पुटपुटल्या. "आता भांडायचं त्राण नाही माझ्यात."

अधीक्षकांच्या ओठाला भिजलेल्या बिस्किटाचा लगदा चिकटला होता. त्यांनी बशी पुढे सरकवली. "घ्या ना."

बाईंनी बशीला हात लावला नाही. त्या उठल्या, जागेवर गेल्या आणि अहवालात वेळ, खातं, मशीन, सगळं नोंदीत होतं तसं लिहिलं. सही करून थेट संचालकांकडे पाठवलं.

संचालकांकडून निष्कर्ष आला, 'तांत्रिक बिघाड'. सिस्टर सुटल्या. अधीक्षकही सुटले. बाईंची बदली तळघरातल्या स्टेशनरीच्या खोलीत झाली.

महिन्याभराने अधीक्षकांचा फोन आला, जणू काही घडलंच नव्हतं. एका कॉलेजात त्यांचं भाषण होतं, सायबरसुरक्षेत करिअरसाठी लागणारी कौशल्यं. "चार मुद्दे काढून द्या ना. तुमचा हातखंडा आहे."

बाईंना किळस आली. पण ऐकणारी पोरं खरी होती. त्यांनी लिहिलं, नेटवर्क पायापासून शिका. थोडं प्रोग्रॅमिंग यायलाच हवं. नोंदी वाचायचा कंटाळा करू नका. हल्ला झाला की डोकं थंड ठेवा, आणि काय झालं ते साध्या माणसाला कळेल असं सांगा. शेवटी लिहिलं, दिसलं तेच लिहा, समोर कुणीही असो.

भाषण झाल्यावर पुन्हा फोन. "झकास झालं. शेवटचा मुद्दा मात्र गाळला, उपदेश वाटत होता. आणि गंमत ऐका, एका मुलीने विचारलं, वरिष्ठांनीच खोटं लिहायला सांगितलं तर? मी म्हटलं, आपल्या क्षेत्रात असं होत नसतं."

ते बराच वेळ हसत होते.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि दारात ताटकळलेल्या शिपायाला विचारलं, "काय हवंय? पाकिटं? लहान की मोठी?"