नापाससाहेबांचं गवत

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पसंत केलेली नाही. मी अपवाद आहे असं ते म्हणतात, पण मला होकार द्यायलाही त्यांनी सात महिने लावले होते.

पंपांच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. तयार पंप समोर आला की हे वाकून वाकून बघायचे, आणि मनात भरला नाही की खिशातला खडू काढून त्यावर फुली मारायचे. कामगार त्यांना नापाससाहेब म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात खडू असतोच. कपडे धुताना तो माझ्या वाट्याला येतो.

घरामागे आमचा गवताचा तुकडा आहे. दर रविवारी हे तो स्वतः कापायचे, अकरा ओळी, एकीच्या शेजारी एक, रेघ मारल्यासारख्या सरळ. मग तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सगळं करा, फक्त दमलात की थांबा. आमच्या मुलाने मात्र फोनवर सरळ निकालच लावला. म्हणाला, घर विका आणि आमच्याकडे या, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे. ह्यांचा पारा चढला.

"ज्या दिवशी मला माझं गवत कापता येणार नाही, त्या दिवशी येतो. शब्द देतो!"

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ह्यांनी दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि मला या घरातून हलायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. अकराव्या मजल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात मी डबे कुठे आहेत ते विचारत फिरणार होते का?

पुढच्याच आठवड्यात आमच्या गवत कापायच्या जुन्या मशीनने राम म्हटला. ते मुलापेक्षा वयाने मोठं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. नवं घेणं आलं. ह्यांनी वही काढली आणि रकाने आखले. पात्याची रुंदी, वजन, आवाज, चाकांचा व्यास, गवत साठवायच्या पिशवीचं कापड. पिशवीचं कापड! स्वतःच्या शर्टाचं कापड त्यांनी कधी हात लावून बघितलेलं नाही. तीन आठवडे शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रश्न विचारून झाले. तोवर गवत असं वाढलं की शेजारचं मांजर आत शिरलं की फक्त शेपटी दिसायची.

"अहो, सगळ्यात महत्त्वाचं काय, तेवढं एक ठरवा," मी म्हणायचे.

"सगळंच महत्त्वाचं असतं," हे चष्म्यावरून बघत म्हणायचे.

शेवटी एका शनिवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात नेलं. मालकीण चांगली धट्टीकट्टी बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने सहा मशीन ओळीने मांडून दाखवली. हे गुडघ्यावर बसले. चाकं फिरवली, पात्याखाली बोट घातलं, पेट्रोलच्या टाकीचा वास घेतला. पहिली दहा मिनिटं मालकीण खूश होती, असं जाणकार गिऱ्हाईक रोज कुठे मिळतं. मग ह्यांनी खिशातून खडू काढला आणि तिसऱ्या मशीनच्या लालचुटुक झाकणावर भली मोठी फुली मारली.

"अहो काका! विकायचंय ते मला!"

"विकू नका," हे शांतपणे म्हणाले.

मी रुमालाने झाकण पुसलं, माफी मागितली, हसले. मालकीण काही हसली नाही.

"निदान दोरी ओढून सुरू तरी करून बघा," ती म्हणाली. "असं नुसतं बघून काय कळणार?"

"आवाज कसा असेल ते मला कळतं."

चौथ्याला तेच. पाचव्याला तेच. सहाव्यापाशी ह्यांचा हात दोरीकडे गेला, मध्येच थांबला, आणि शर्टावरून छातीवर, टाक्यांच्या जागी जाऊन बसला. क्षणभरच. मग त्यांनी घाईने खडू काढला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस मशीन शोधतच नव्हता. तो न घेण्याचं कारण शोधत होता. मशीन घरात आलं नाही तोवर कापता येतं की नाही हा प्रश्नच येणार नव्हता. तीन आठवडे मी त्यांची टिंगल करत होते, आणि ते तीन आठवडे घाबरलेले होते. मला रडू आलं, आणि मला सांगितलं नाही म्हणून रागही आला.

"ताई," मी मालकिणीला म्हटलं, "मला ढकलता येईल असं कोणतं आहे?"

"तुला?" हे उठून उभे राहिले.

"मला. तुमच्या वहीत एक रकाना राहिलाय. ढकलणार कोण."

मालकिणीने कोपऱ्यातून एक छोटंसं मशीन आणलं. बॅटरीवरचं, हलकं, बटण दाबलं की सुरू. ह्यांनी ते वरून खाली पाहिलं.

"खेळणं आहे. पातं अरुंद, चाकं प्लास्टिकची." हात खिशाकडे निघाला.

मी तळहात पुढे केला. "आणा तो खडू इकडे."

त्यांनी दिला. मालकीण तेव्हा पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी मी मशीन बाहेर काढलं. हे पायरीवर उभे राहून चुका काढत होते. "डावीकडे. अगं डावीकडे! तुझी ओळ कुठे चाललीय, तुला तरी माहीत आहे का?" सात ओळी त्यांनी कशाबशा सोसल्या. मग खाली उतरले. "सर बाजूला. बघवत नाही."

त्यांनी बटण दाबलं आणि हळूहळू चालायला लागले. माझं लक्ष गवताकडे नव्हतंच, त्यांच्या श्वासाकडे होतं. एक ओळ. दोन. तिसरी. चौथ्या ओळीच्या शेवटी ते थांबले, दांड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बस." कामाच्या बाबतीत हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी मशीन आत नेलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, ह्यांनी तो स्पीकरवर घेतला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "बाबा, गवत कापलं का?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. मी थाप तयार ठेवली होती, चांगली अकरा ओळींची. पण ह्यांनी फोन सोडला नाही.

"सात ओळी तुझ्या आईने कापल्या. चार मी."

मग मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे एकट्याला जमलं नाही."

"नाही जमलं."

मी खुर्चीत बसले. संपलं, मला वाटलं, आता सामान बांधायचं.

"शब्द मोडतोय मी," हे म्हणाले. "आम्ही येत नाही. आम्हाला इथेच राहायचंय." मी त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

मुलाने विचारलं, "आईच्या ओळी फार वाकड्या आहेत का?"

"तू ये," हे म्हणाले, "आणि बघ."