एकाच अंड्यातल्या

हेल्वी अकरा मिनिटांनी मोठी होती, आणि बासष्ट वर्षांत तिने धाकट्या राइलीला ती अकरा मिनिटं विसरू दिली नव्हती. त्यात वीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिने सिगारेट सोडली. मग काय विचारता! तेव्हापासून दर रविवारी कॉफीबरोबर राइलीचा उद्धार ठरलेला.

"एकाच अंड्यातल्या आपण," हेल्वी म्हणे. "रक्त तेच, नाक तेच. मला जमलं ते तुला का जमू नये? तुझं आपलं कायम उद्या. उद्याबाई नुसती."

राइलीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण खरं सांगायचं तर त्याच बोलण्याचा तिला आधार होता. हिला जमलं, म्हणजे ते आपल्याही हाडामांसात कुठेतरी असणारच.

आता ते सापडायलाच हवं होतं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद असेल तरच रक्तवाहिनी जोडू, नाहीतर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मागे मोजलं तर सहा आठवडे बरोबर आज सुरू होत होते. दोन महिने राइली झगडत होती. तिने दंडावर निकोटिनच्या पट्ट्या चिकटवल्या. सिगारेट ओढायला जायची त्या बाल्कनीचं दार खिळे ठोकून बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी तेच खिळे स्वतःच्या हाताने उपटले. आजही सकाळपासून ती रडकुंडीला आली होती.

अकराच्या सुमाराला हेल्वी वेलचीचे पाव आणि रक्ततपासणीच्या निकालाचं आपलं न फोडलेलं पाकीट घेऊन आली. राइलीचं पाकीटही टेबलावर पडलं होतं. विद्यापीठवाले या दोघींसारख्या जुळ्यांचा कित्येक वर्षं अभ्यास करत होते. यंदा त्यांनी रक्त नेलं होतं, कुणाचं यकृत निकोटिन किती झपाट्याने संपवतं ते बघायला. ज्याचं झपाट्याने संपतं त्याला तलफ लवकर येते, पट्टी पुरत नाही, सोडताना जीव जातो. हे सगळं नर्सने राइलीला फोनवर नीट समजावलं होतं.

राइलीने आपलं पाकीट फोडलं. शून्य दशांश सहा दोन. वेगवान. तिला हुंदकाच फुटला.

"बघ. मी नादान नाही गं. माझं शरीरच तसं आहे."

"मग माझंही तसंच असणार," हेल्वी पाव मोडत म्हणाली. "तरी मी सोडलीच ना? हे घे, माझंही वाच. माझ्यात काय निघणार म्हणा."

राइलीने वाचलं. पुन्हा वाचलं. नर्सचं आणखी एक वाक्य तिला आठवलं: अंगात निकोटिनच नसेल तर आकडा निघत नाही, तिथे नुसती रेघ मारतो.

हेल्वीच्या कागदावर रेघ नव्हती. शून्य दशांश सहा एक होतं.

"हेल्वी, हा आकडा कुठून आला?"

हेल्वीचं चावणं थांबलं. तिने स्वेटरच्या खिशातून एक चपटी गोल डबी काढली. नदीपलीकडे, सरहद्दीपार स्वीडनच्या दुकानात मिळते ती, ओठाखाली ठेवायच्या तंबाखूच्या पुड्यांची.

"ते रक्तात धूर शोधतात असं मला वाटलं," ती म्हणाली. "फॉर्मवर सिगारेट ओढता का, एवढंच होतं. मी खरंच ओढत नाही."

"वीस वर्षं?"

"हिच्याशिवाय एक दिवससुद्धा राहता आलं नाही गं मला."

राइली उठून लंगडत पेटत्या शेगडीपाशी गेली, आपलं सिगारेटचं पाकीट आत टाकलं आणि शेगडीचं दार उघडंच ठेवलं.

"टाक. दोघी मिळून सोडू. आजच. माझा पाय जाईल गं."

हेल्वी उठली. शेगडीपर्यंत आली. डबीवरची तिची बोटं पांढरी पडली, पण सुटेनात. तिचे डोळे भरून आले.

"टाकते," ती म्हणाली. "उद्या नक्की."

राइलीला पायाची खरी भीती वाटली ती तेव्हा. इतके दिवस तिला वाटत होतं, त्या अंड्यातल्या एकीला तरी जमलंय.