जत्रेचं पाणी

आमच्या गावाचं सांडपाणी मी शेवाळाकडून धुऊन घेते. लांबट उथळ हौद, पाणी फिरवणारी चाकं आणि आमच्या आंदालुसिया प्रदेशाचं फुकटचं ऊन, एवढाच माझा संसार. मैल्यातलं खत शेवाळ खातं, घाण कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू देतं आणि निवळलेलं पाणी खाडीत जातं. त्याच खाडीच्या चिखलात माझ्या बाबांच्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आहेत. पूर्वीच्या घाणीमुळे त्या काढायला बंदी आली, तेव्हापासून बाबा दारात बसून माझ्या हौदांना डबकी म्हणतात.

यंदा जत्रा सुरू झाली आणि हौद तपकिरी पडले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर शेवाळ चरणारे बारीक किडे नुसते बुजबुजले होते. सोमवारी प्रांताची माणसं पाण्याचा नमुना घेणार होती. तो नापास झाला की हौद बुजणार होते, खाडी पुन्हा नासणार होती आणि महापौर लेआंद्रो माझ्या जागेवर जत्रेच्या गाड्यांसाठी वाहनतळ करणार होता.

मी चिडून जत्रेत गेले. मंडपामंडपांत थंड मान्सानिया वाईनचे पेले रिकामे होत होते, ठिपक्यांच्या झालरी घातलेल्या बायका नाचत होत्या आणि संडासांपुढे ही भली मोठी रांग लागली होती. त्या रांगेकडे बघता बघता माझं डोकं चाललं. जत्रेचं पाणी फार कडक असतं, शेवाळाला झेपणार नाही, म्हणून दरवर्षी ते टँकरने लांबच्या जुन्या सांडपाणी केंद्रात जातं. पण कडक म्हणजे काय, तर मुतातला अमोनिया! उन्हात तो आणखी जहाल होतो आणि किड्यांना सोसत नाही. शेवाळ थोडा वेळ तग धरतं.

लेआंद्रो जत्रेचा खास आखूड कोट घालून मंडपात मिरवत होता.

"लेआंद्रो, टँकर माझ्या हौदांकडे वळव."

"कोन्सी, तो वेड लावणारा लेवान्ते वारा डोक्यात शिरला का गं तुझ्या? आधीच हौदांचा चहा झालाय, त्यात आता मूत ओततेस?"

"तुला वाहनतळ हवाय ना? मग माझं वाटोळं झालं तर तुझंच भलं होईल. घाबरतोस कशाला?"

शेजारच्या टेबलावरून बाबा ओरडले, "वळव रे! पोरीनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय, तेही हे! देऊन टाक."

सगळा मंडप खो खो हसला. लेआंद्रोही हसला आणि त्यानं टँकरवाल्याला हाक मारली.

भर दुपारी मी ते पाणी थोडं थोडं सोडत राहिले. जास्त झालं तर किड्यांबरोबर शेवाळही मेलं असतं. दर खेपेला थेंब भिंगाखाली धरायचा, किडे वळवळताहेत का बघायचं, मगच नळ उघडायचा. तिकडे बातमी जत्रेभर झाली होती. लोक पेले उंचावून "कोन्सीच्या हौदांसाठी!" म्हणायचे आणि रांगेत जाऊन उभे राहायचे. बाबा तर, "मी आपलं कर्तव्य करून येतो," असं सांगून उठायचे.

जत्रा संपता संपता किडे थंडावले. रविवारी चाकाच्या कडेला हिरवट झाक दिसली. सोमवारी प्रांताची माणसं आली तेव्हा हौद इतके गर्द हिरवे होते की मी त्यांच्यासमोरच शिट्टी मारली. नमुना पास झाला. शरदात तिसऱ्या तपासल्या, त्याही चांगल्या निघाल्या आणि बंदी उठली.

ओहोटी लागताच बाबा दाताळं घेऊन चिखलात उतरले. बादली भरून आणली, लसूण आणि वाईन घालून तिसऱ्या शिजवल्या. लेआंद्रोलाही बोलावलं आणि पहिली ताटली त्याच्यापुढे ठेवली.

"खा, महापौर. अख्खं गाव राबलंय यासाठी."

लेआंद्रोनं एक शिंपला उचलला, वळवून पाहिला आणि आतला गर तोंडात टाकला. मग पाव रश्श्यात बुडवून ताटली पुसून काढली.

"पुढच्या वर्षी टँकर कुठे पाठवायचे?" त्यानं मला विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला किती दिवसांनी खाडीचा वास येत होता. माझे डोळे भरून आले.

"पाठव आमच्या हौदांवर," बाबा म्हणाले. "किती ओतायचं, ते माझी पोरगी सांगेल."