तिसरं अपत्य

केसरबाईने सुनेचं कौतुक केलं आणि तिथेच घात झाला.

पारोळ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली होती. केसरबाईची थोरली सून प्रज्ञा मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिने प्रभागातून अर्ज भरला होता आणि छाननीच्या आधीच सासू-सुना दारोदार फिरायला लागल्या होत्या. त्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या, चहा फिरला आणि म्हातारीला कंठ फुटला.

"मनी मोठी सून कशी शे, सांगू का? धाकलीनी कूस उजवनी नही, तं हिनी सोतानी पोर तिनी ओटीमा घाली दिधी. जिनी पोटनी पोर दिधी, ती तुमनं काय खाई?"

बायकांचे डोळे भरून आले. प्रज्ञाच्या पायाखालची जमीन सरकली.

म्हातारीला काय ठाऊक! तिच्या लेखी पोर जावेच्या ओटीत घातली म्हणजे ती जावेची झाली, विषय संपला. कायदा एवढा मोकळ्या मनाचा नसतो. दोनाच्या वर अपत्यं असतील तर उमेदवार बाद, आणि तिसरं कुणालाही दिलं तरी ते जन्मदात्रीच्याच नावावर मोजतात. प्रज्ञाला दोन मुलगे होते आणि त्यांच्या पाठीवर मोनाली. दोघी जावा काही महिने आधीच धुळ्याला जाऊन राहिल्या आणि तिथल्या एका खासगी दवाखान्यात बाळंतपण झालं, तेव्हा बाळंतिणीचं नावच धाकट्या जावेचं, यशोधराचं लावलं होतं. पुढे पोरीला कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. मोनाली यशोधराला आई म्हणायची आणि त्याच अंगणात राहणाऱ्या प्रज्ञाला मोठी आई. शपथपत्रात प्रज्ञाने दोनच अपत्यं लिहिली. लिहिताना जीव तुटला, पण लिहिली.

ओट्यावर कुणीतरी मोबाईल धरून बसलं होतं. दिवेलागणीपर्यंत तो व्हिडिओ प्रमिलाबाईंकडे पोचला. प्रमिलाबाई म्हणजे प्रभागाच्या मावळत्या नगरसेविका. प्रज्ञाने वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला होता. गटारीचं काम स्वतःच्या दिराला दिलं की नाही, चौकात येऊन सांगा, म्हणून. "मतं मागायची तर लोकांपासून काही लपवायचं नाही," असं ती सभेत ठणकावून सांगायची. टाळ्या पडायच्या. ते तिला मनापासून पटलेलंही होतं, आणि तेच आता तिला बोचत होतं.

"अर्ज मागे घे," नवरा, राजदीप, म्हणाला.

"आता घेतला तर खरंच ठरेल. पोरीकडे गावभर बोटं दाखवतील."

यशोधरा चौकटीला धरून उभी होती. "अक्का, तुम्ही काहीबी सांगा. पन मनी पोर मनीच राहू द्या."

छाननीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रमिलाबाईंच्या वकिलाने व्हिडिओ लावला. केसरबाईचा आवाज त्या खोलीत घुमला आणि मागे कुणीतरी हसलं. अधिकारी शांत माणूस होता. नुसत्या बोलण्यावर काही ठरत नाही, जन्माची नोंद दाखवा, म्हणाला. नोंद अर्थातच यशोधराच्या नावावर होती.

"मग रक्त तपासा की पोरीचं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लोकांना खरं कळायला पाहिजे. तुमचीच मागणी ना ही, मॅडम?"

"ते कोर्टाचं काम," अधिकारी म्हणाला आणि प्रज्ञाकडे वळला. "तुमचं म्हणणं काय? शपथेवर सांगा."

दाराशी यशोधरा पदर तोंडात धरून उभी होती. प्रज्ञाने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज जराही हलू न देता सांगितलं, "सासूबाई भोळ्या आहेत. मोनाली माझ्या जावेची मुलगी आहे. मी तिला जन्म दिलेला नाही."

हरकत फेटाळली गेली. बाहेर फटाके फुटले, कार्यकर्त्यांनी तिच्यावर गुलाल टाकला. हे आपण पोरीसाठी बोललो की खुर्चीसाठी, याचं उत्तर तिला घरी येईपर्यंत सापडलं नाही. दोन्हीसाठी असेल. तसं असेल तर आपण फार वाईट बाई आहोत, असं तिला वाटलं आणि ते तिने मनातल्या मनातही नाकारलं नाही.

अंगणात मोनाली एकटीच बाजेवर बसली होती. शाळेचा ड्रेस अजून अंगावरच होता.

"मोठी आई, मी तो व्हिडिओ पाहिला होता. वर्गात सगळ्यांनी पाहिला."

"आजीचं काय मनावर घेतेस? तिचं वय झालंय."

"मला वाईट नव्हतं वाटलं." ती मान खाली घालून बोलत होती. "मुलं चिडवत होती. पण मला आवडलं होतं. मला दोन आया, असं वाटलं."

प्रज्ञा तिच्या शेजारी बसली. हात उचलला, पण तो पोरीच्या डोक्यापर्यंत गेला नाही.

"तू आज साहेबांसमोर शपथ घेतलीस ना?" मोनालीने विचारलं. "तिथे सांगितलंस ते खरं आहे?"

प्रमिलाबाईंचा वकील निघताना कोर्टात भेटू म्हणून गेला होता. आज पोरीला खरं सांगितलं, तर उद्या तेच तिच्याकडून वदवून घेतील. भिंतीपलीकडे यशोधराच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"हो," प्रज्ञा म्हणाली. "खरं आहे."

मोनालीने मान हलवली. मग ती उठली आणि आईने हाक मारलेली नसतानाही आत निघून गेली.